पलीकडच्याला बोलू दे

हौसराव ओव्हाळ यांनी उभ्या आयुष्यात एकही तीन अंकी नाटक सलग पाहिलं नव्हतं, आणि तरीही दौंडच्या रेल्वे वसाहतीत नाटकातलं सगळ्यात जास्त त्यांनाच कळतं, हे कुणी नाकारत नसे. स्वतः हौसराव तर मुळीच नाकारत नसत.

ते पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे. नगरकडून येणाऱ्या गाडीला पुण्याकडे जायचं तर दौंडला तिचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे, आणि ही काढघाल हौसरावांच्या हातची. दोन गाड्यांच्या मध्ये जेवढी उसंत, तेवढंच त्यांचं नाटक. अशानं त्यांनी अकरा नाटकांचे पहिले अंक पाहिले होते आणि चार नाटकांचे शेवटचे. मधल्या अंकात काय घडतं याची त्यांना फारशी पडलेली नव्हती. “एवढा येळ लागतो म्हंजी मालगाडी हाय ती,” असं म्हणून ते मोकळे होत.

त्यांचा जीव जडला होता नाट्यछटेवर. एक माणूस येतो, पाच-सात मिनिटं समोर नसलेल्या कुणाशी तरी बोलतो आणि निघून जातो. तेवढ्यात एक घर, एक भांडण, कधी एक अख्खा जन्म दिसून जातो. वसाहतीतलं मंडळ दर एप्रिलला जयंतीच्या आठवड्यात समाजमंदिरात नाट्यछटांची स्पर्धा घेई. हौसराव ड्यूटीच्या कपड्यांतच यायचे, काखेत लाल-हिरव्या झेंड्यांची गुंडाळी घेऊन दाराशी उभे राहायचे. ती जागा पोरं त्यांच्यासाठी मोकळी सोडत. छटा संपली की हौसराव तिथूनच निकाल देत. ‘राइट टाइम’ म्हणाले की कलाकार आठवडाभर ताठ मानेनं फिरे. ‘लेट’ म्हणाले की शेवट लांबला असं समजायचं. आणि ‘सिग्नलला थांबली’ म्हणाले तर त्या बिचाऱ्यानं पुढच्या वर्षी गाण्याच्या स्पर्धेत नाव द्यावं हे बरं. परीक्षकांचा निकाल मागाहून लागे, पण तोवर लोक अर्धे घरी गेलेले असत.

ही नजर त्यांना आली होती मातीच्या पाट्या वाहता वाहता. हौसराव मूळचे घोड नदीकाठच्या इनामगावचे. रेल्वेत लागण्याआधी, गावात पुण्याचे उत्खननवाले जमीन उकरत होते तेव्हा ते तिथं मजुरीला जायचे. बोटभर खापर सापडलं की तिथले साहेब त्याच्या काठाचं वळण बघून कागदावर अख्खा रांजण काढून दाखवत. तरण्या हौसरावांना त्याचं भारी नवल वाटे. खापर खरं असलं की उरलेला रांजण बघणाऱ्याच्या डोक्यात आपोआप घडतो, हे तेव्हाच त्यांच्या मनात पक्कं बसलं. छटा त्यांनी पुढं याच मापानं जोखल्या.

अठ्ठ्याण्णव साली त्यांची मुलगी दीक्षा स्पर्धेत उतरली. नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली पोर. पहिल्या नंबराला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत जायला मिळणार होतं आणि तिला काहीही करून जायचं होतं. त्याहून जास्त हवा होता तो बापाचा ‘राइट टाइम’. शाळेच्या गॅदरिंगात तिनं तीनदा छटा केली होती आणि तिन्ही वेळा तिच्या पदरी ‘लेट’ पडला होता. पोटच्या पोरीला सवलत देणारा हा माणूस नव्हता.

या वेळी छटा तिनं स्वतः लिहिली. स्टेशनमास्तरांचा नोकरीतला शेवटचा दिवस. ते फोनवरून पॉइंट्समनला शेवटच्या गाडीचा हुकूम देतात आणि त्याच्याशी जुन्या दिवसांचं बोलत राहतात. पॉइंट्समन दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. घरातल्या तालमीला आईचे, मायाबाईंचे, डोळे भरून आले. हौसराव मात्र जेवता जेवता म्हणाले, “तू इचारतीस आन् लगीच पुढं बोलतीस. पलीकडच्यानं उत्तर कवा द्यायचं?”

“पप्पा, पलीकडं कुणी न्हाईच ना. गप्प राहिलं की लोकांना वाटतं, पोरगी विसरली.”

“वाटू दे. त्यो काय म्हणतोय ते तुला ऐकू आल्याबिगर तोंड उघडू नको. पलीकडच्याला बोलू दे.”

दीक्षा फुरंगटली. रंगमंचावर गप्प उभं राहणं तिला जमतच नसे. दोन दिवस ती बापाशी बोलली नाही, आणि तालीम करायची ती मोरीचं दार लावून करू लागली.

आता रेल्वेतली एक शिस्त सांगायला हवी. फोनवर हुकूम आला की नुसतं ‘हो’ किंवा ‘बरं’ म्हणून भागत नाही. तोच हुकूम शब्दाशब्दानं परत म्हणून दाखवायचा, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. पंचवीस वर्षांत हौसरावांच्या जिभेला हे वळण इतकं पडलं होतं की, मायाबाई “येताना अर्धा किलो वांगी आणा” म्हणाल्या तरी ते पायात बूट घालता घालता “येताना अर्धा किलो वांगी” असं म्हणत आणि मगच बाहेर पडत. वसाहतीत घरोघरी हीच तऱ्हा होती.

स्पर्धेच्या संध्याकाळी नगरकडची गाडी थोडी उशिरानं येत होती. जोडीदार बाळासोला यार्डात उभं करून हौसराव झपाझप समाजमंदिरात आले. दीक्षा रंगमंचावर उभी होती. अंगात कुणाचा तरी मोठा पांढरा कोट, हातात फोनचा रिसीव्हर.

“नगरवाली तीन नंबरवर घ्यायची,” ती म्हणाली. “तीनचा पॉइंट लावा.”

आणि ती थांबली. रिसीव्हर कानाशी घट्ट धरून, मान जराशी कलती करून ती खरोखरच ऐकत राहिली.

“नगरवाली तीन नंबरवर घ्यायची, तीनचा पॉइंट लावायचा,” दाराकडून ठणठणीत आवाज आला.

आवाज हौसरावांचा होता. बोलून गेल्यावर ते त्यांच्याही ध्यानात आलं. कुणी हसलं नाही, कारण निम्म्या सभागृहाचे ओठ तेच शब्द पुटपुटून गेले होते. दीक्षानं वळूनही पाहिलं नाही. “बरोबर,” ती रिसीव्हरमध्ये म्हणाली आणि छटा शेवटापर्यंत नेली.

टाळ्या थांबल्यावर मंडळाचा सेक्रेटरी विनोद माइकपाशी आला. त्याचा चेहरा पडला होता. छटेत एकाच माणसाचा आवाज हवा असा नियम आहे, बाहेरून संवाद आला, त्यामुळे ही छटा बाद धरावी लागेल, असं त्यानं कसंबसं सांगितलं. दीक्षा विंगेत कोटाची बाही चावत उभी होती. हौसरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या छटांना नावं ठेवली आणि आपल्या पोरीची छटा आपणच बुडवली. पण मागच्या मागे सटकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. झेंडे काखेत धरून ते थेट परीक्षकांच्या टेबलापाशी गेले.

“बाई, चूक माझी हाय, पोरीची न्हाई,” ते पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंना म्हणाले. “आमचं काय ठरल्यालं नव्हतं. सोळा वर्सं ह्या दारात उभा राहून बघतोय, कवा तोंड उघडलं न्हाई. आज ती थांबली आन् मला वाटलं, हुकूम मलाच आलाय. मी खोट्या हुकमाला उत्तर देत न्हाई.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं. मग विनोदला विचारलं, “लाइट गेली तर छटा पुन्हा करू देता ना?”

“देतो की, मॅडम.”

“मग हे लाइट गेल्यातच धरा. शेवटी पुन्हा करू द्या तिला. तुम्ही मात्र बाहेर थांबायचं,” त्या हौसरावांना म्हणाल्या.

“मी मात्र बाहेर थांबायचं,” हौसराव म्हणाले, आणि आता मात्र सगळं सभागृह खो खो हसलं. त्यात बाईही होत्या.

तसंही गाडीचा भोंगा वाजला होता. हौसराव यार्डात गेले, इंजिन सोडलं, दुसऱ्या टोकाला आणून जोडलं, हिरवा झेंडा दाखवला. गाडी पुण्याकडे निघून गेली तेव्हा दीक्षा पुलावरून धावत खाली आली. पांढरा कोट अजून अंगातच होता.

“पहिला नंबर,” ती धापा टाकत म्हणाली.

“व्हय?” हौसराव ग्रीसचे हात चिंधीला पुसत होते.

“पण दुसऱ्या खेपेला तेवढी न्हाई जमली, पप्पा. थांबले मी, पण पहिल्यासारखं ऐकू न्हाई आलं.” ती क्षणभर घुटमळली. “आन् तुम्ही तर कायच बोलला न्हाई. राइट टाइम म्हणा, लेट म्हणा, कायतरी म्हणा की.”

“बोललो की,” हौसराव म्हणाले. “समद्या सभागृहासमोर बोललो.”