मावसाजींच्या दारातली झडती

गव्हाला इतका घाबरणारा माणूस उभ्या चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. माझ्या बायकोचे हे मावसाजी भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. तिथल्या फाटकावर काडेपेटीसाठी खिसे तपासत, तसे आता ते स्वतःच्या दारात पाहुण्यांचे तपासतात. "जावई, खिशात बिस्कीट हाये काय? बाहेर ठेवा." एकदा माझ्या शर्टावर टोस्टचा चुरा सापडला, तर मला अंगणात सतरंजीसारखं झटकून काढलं.

याचं कारण नागपूरची नात. गहू कणभर पोटात गेला तरी पोर आजारी पडते. दिवाळीत मावसाजींनी मोठ्या हौसेने तिला ज्वारीची भाकर खाऊ घातली. पण चक्कीवर त्यांच्या ज्वारीआधी कोणाचा तरी गहू दळला होता. नात सलाइनवर गेली आणि मुलीने सांगून टाकलं, "बाबा, आता तिले तुमच्याकडे ठेवत नाई." पुष्कळ विनवण्यांनंतर उन्हाळ्यात एक जेवण कबूल झालं. निभावलं तर नात सुट्टीभर राहणार, नाही तर संध्याकाळच्या बसने परत.

चक्कीवरचा विश्वास उडालेला, म्हणून ग्लुटेन नसलेलं पीठ ऑनलाइन मागवायचं ठरलं. मोबाइल माझा, बोट त्यांचं. दुकानाच्या मदत क्रमांकावर त्यांनी विचारलं, "बाई, ज्या गाडीत आमचं पीठ येऊन राह्यलं, त्याच गाडीत मैदा तं नाई ना?" पलीकडून फोन बंद झाला. पार्सल भद्रावती सोडून गडचांदूर फिरून आलं. नात घरात, पीठ रस्त्यात, आणि मावसाजी फाटकात. शेवटी आलं, तेव्हा पार्सलवाल्याचीही झडती झाली.

मावशींनी पोळ्या लाटल्या. नातीने घास मोडला, तोंडाशी नेला, आणि मावसाजी कारखान्याच्या भोंग्यासारखे ओरडले, "थांब!"

पोळपाटाशेजारी परथनाची डबी उघडी होती. लाटताना पोळी चिकटू नये म्हणून लावायचं कोरडं पीठ, गव्हाचं! घरातला सगळा गहू हद्दपार झाला, पण मावशींच्या हाताशी जन्मभर असलेली डबी कोणाला दिसलीच नव्हती. मावशी पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मुलगी बॅग भरायला उठली.

"रडू नको वं. अन् तू बस खाली," मावसाजी म्हणाले. "मी करतो."

माळ्यावरून आहेरातला कोरा तवा निघाला, नवं ताट निघालं. हात कोपरापर्यंत धुऊन या गृहस्थाने उरलेल्या पिठाची आयुष्यातली पहिली भाकर थापली. भाकर कसली, गडचिरोली जिल्ह्याचा नकाशा! खाली सिरोंच्याचं टोकसुद्धा होतं.

"आबा, मी पहिले सिरोंचा खाते," नात म्हणाली.

दुपारभर मुलगी नातीचं पोट चाचपत होती आणि मावसाजी मुलीचा चेहरा. संध्याकाळची बस आली, हॉर्न वाजवून गेली. नात अंगणात उड्या मारत होती. मुलीने बॅगेतून तिचे कपडे काढून कपाटात ठेवले.

सुट्टी सरली, नात गेली. पिठाचं पार्सल मात्र अजून दर महिन्याला येतं. परवा दारात एक खिसा उलटा करून दाखवताना मी म्हटलं, "मावसाजी, आता काऊन झडती? पोरगी तं नागपूरले."

"शाळेले अचानक सुट्टी लागली तं?" ते म्हणाले, आणि बस थांबते तिकडे बघत माझा दुसरा खिसा चाचपू लागले.

मी गुपचूप त्यातला बिस्किटाचा पुडा काढून बाहेरच्या ओट्यावर ठेवला.