यमुनाकाकींचा बोंबलाचा डबा

यमुनाकाकी रागावल्या की आवाज चढवत नसत, उतरवत. ऐकायला पुढं वाकावं लागे आणि ऐकल्यावर वाटे, बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. राजूरच्या वरच्या अंगाला आमची घरं शेजारी शेजारी. मी शाळामास्तर. त्या एकट्या, सोबतीला चार शेळ्या आणि भुऱ्या नावाचा कुत्रा.

एका उन्हाळ्यात या भुऱ्यानं आमची तिसरी कोंबडी मारली आणि माझं डोकं फिरलं. आमच्याकडं अशा कुत्र्याला आधी बडवतात, मग त्याच्या गळ्यात लोढणं अडकवतात. धावायला गेलं की लाकडाचा ओंडका गुडघ्यांवर आपटतो. मी बाभळीचं चांगलं जाड लोढणं तासलं आणि काकींच्या दारात टाकलं. म्हटलं, "हे बांधा, नाहीतर कुत्रं घाटाखाली सोडून येतो."

काकींनी ते उचलून माझ्यादेखत चुलीत सारलं.

"मास्तर, माज्या नवऱ्यानं मला लई मारलं. मी काय शिकले? त्याची चाहूल लागली की लपायला. मारानं जनावर लपायला शिकतं, वागायला न्हाई. दिवाळीपत्तुर थांबा. तवाबी कोंबडी धरली, तर मीच सोडून यीन त्याला."

बाजारातून त्यांनी डबाभर सुके बोंबील आणले. भुऱ्याची दोरी कमरेला बांधून त्या आमच्या अंगणापासून लांब उभ्या राहत. कोंबडी दिसूनही त्यानं मान वळवून काकींकडं पाहिलं, की "शाना माजा!" आणि बोंबलाचा तुकडा. त्यानं ओढ घेतली तर शिवी नाही आणि तुकडाही नाही, गुमान मागं फिरायचं. रोज एखादं पाऊल जवळ. सगळी आळी हसायची, आणि सगळ्यात मोठ्यानं मी.

मग श्रावण लागला. आता डबा बंद होणार, म्हणून मी मनातून खूश होतो. पण डबा गोठ्यात टांगला गेला. काकी स्वतः महिनाभर एकवेळ जेवायच्या, राखेनं हात धुतल्याशिवाय घरात शिरायच्या नाहीत. भुऱ्याचा तुकडा मात्र चुकला नाही. भावकी दारात येऊन भांडली. "श्रावणात बोंबील? घर बाटवलंस!"

काकींचा आवाज उतरला. "श्रावण माजा हाय. कुत्र्याचा न्हाई."

दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी मी एक नीच काम केलं. काकींच्या दारात ज्वारीचे दाणे फेकले. आमच्या कोंबड्या धावल्या. भुऱ्या मोकळा होता. त्याचे कान उभे राहिले, मागचे पाय थरथरले. त्यानं कोंबडीकडं पाहिलं, मग काकींकडं पाहिलं आणि खाली बसला.

काकींनी त्याला तुकडा भरवला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमीबी शाने व्हाल मास्तर. येळ लागंल."

त्याच माघात काकी तापाचं निमित्त होऊन गेल्या. भावकीनं शेळ्या नेल्या. कुत्र्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तो आपणहून आला आणि आमच्या अंगणात, कोंबड्यांच्या मधोमध बसला. मला फार लाज वाटली.

यंदा श्रावणात मी बोंबलाचा डबा अंगणातल्या खांबाला टांगला. काकींच्या भावकीतला एकजण जाब विचारायला आलाच. "मास्तर, तुम्हीसुद्धा?"

मी ओरडणारच होतो. मग आवाज उतरवला.

"श्रावण माझा आहे. कुत्र्याचा नाही."

ऐकायला त्याला पुढं वाकावं लागलं.