नव्या जिल्ह्यातलं पहिलं हरीण

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या दुष्काळी मे महिन्यात हरणं भर दुपारी आमच्या गुरांच्या हौदावर यायची. पाठोपाठ जंगलखात्याचा माणूस यायचा. टोपी गुडघ्यावर ठेवून आमच्या माठातलं तीन तांबे पाणी प्यायचा. कानामागची पेन्सिल काढायचा, हरणांकडं बघायचा आणि पेन्सिल परत खोचायचा.

हौद आटला तेव्हा मी म्हणालो, "साहेब, हरणांसाठी एखादा टँकर सांगा की."

"कसा सांगू? ही हरणं जुन्या जिल्ह्याच्या रजिस्टरात हायत. आपल्या जिल्ह्यात अजून एकबी हरीण न्हाई."

आठवड्यानं कोरड्या हौदाशी एक पाडस मरून पडलं. साहेबानं पेन्सिल काढली आणि नव्या रजिस्टरात पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं.

"चला," तो समाधानानं म्हणाला, "आपल्या जिल्ह्यात एक हरीण झालं."