मासे विम्यात, अम्मी उघड्यावर

अन्याय झाला तो माझ्या अम्मीवर, रमझान लागायच्या आधीच्या सोमवारी, मधल्या सुट्टीची घंटा वाजल्यावर लगेच. तिच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा जिन्याच्या कठड्यावर पोट टेकून घसरत होता. त्याचा तोल गेला आणि अम्मीने दंडाला धरून त्याला मागे ओढलं. मुलगा वाचला, दंडावर तिच्या बोटांचे वळ उठले. पडला असता तर अपघात म्हणाले असते. वाचला, म्हणून मारहाण.

संध्याकाळी त्याच्या वडिलांची तक्रार आली: टीचरने हात उचलला, गरज पडली तर पोलिसांत जाऊ. शाळेने कमालीची तत्परता दाखवली. चौकशी होईपर्यंत अम्मीला घरी बसवलं. जिन्याची चौकशी कोणी केली नाही.

शाळा दुबईतली, खासगी, आपल्या भारतीय अभ्यासक्रमाची. विम्याच्या बाबतीत फार जागरूक. बसचा विमा, पोहण्याच्या तलावाचा विमा, रिसेप्शनमधल्या काचेच्या टाकीतल्या माशांचासुद्धा विमा आहे, असं तिथल्या मॅडमनी मला कौतुकाने सांगितलं. मी विचारलं, आणि टीचरचा? त्या म्हणाल्या, मेडिकल कार्ड दिलंय ना. म्हणजे खोट्या तक्रारीने ब्लडप्रेशर वाढलं तर गोळ्या मिळतील. वकील? वकील आहे, पण तो शाळेचा. मासा होणं अम्मीला जमलं नाही, ही तिचीच चूक.

मी पुण्यात कॉलेजला असताना पत्रकं लिहायचे. त्यामुळे दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवतानाही मी मागण्याच मांडते. अमेरिकेत एका राज्याने सरकारी शाळांतल्या शिक्षकांना विमा आणि वकील देणारा कायदा केल्याचं मी फोनवर वाचून दाखवलं. अब्बांनी भात कालवता कालवता ऐकून घेतलं.

“हबीबी, ते त्यांचं घर आहे. आपण इथे पाहुणे.”

माझा जन्म इथल्याच हॉस्पिटलातला. पाहुणचार जरा लांबलाच म्हणायचा.

तेवढ्यात आमचे चाचा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, तोडगा घेऊन आले. मुलाचे वडील आपल्याच रत्नागिरीकडचे निघाले होते. मग काय, प्रश्नच मिटला. आमच्यात भांडण मिटवायची पद्धत ठरलेली आहे. चूक कोणाचीही असो, घरातला वडीलधारा एकाला घेऊन दुसऱ्याच्या दारी जातो, सोबत घरचं काहीतरी गोड. आत गेल्यावर म्हणायचं, काही चुकलं असेल तर माफ करा. समोरचाही लगेच तेच म्हणतो. चहा होतो. खलास.

मी अम्मीला म्हटलं, आधी एखाद्या वकिलाला विचार, मगच जा.

“वकील कुठून आणू? चौथीला शिकवते मी, बँक नाही लुटलेली.”

तिने सांदणं वाफवली, डबा भरला. गाडी मी चालवली.

मुलाच्या वडिलांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं. चाचांनी गावाची, ओळखीच्यांची चौकशी केली. अम्मीने ठरलेलं वाक्य म्हटलं आणि आम्ही सगळे त्यांच्या वाक्याची वाट बघत बसलो. ते आलंच नाही. माणूस इथेच वाढलेला. पद्धतीचा दुसरा अर्धा भाग त्याला कोणी शिकवलेला नव्हता. तो अदबीने म्हणाला, “थँक यू टीचर, चूक कबूल केलीत, बरं वाटलं.”

मुलगा दारात उभा होता. “बट पप्पा, आय वॉज फॉलिंग. मिस कॉट मी.” त्याला आत जायला सांगण्यात आलं. त्या घरात वकिली करणारा तेवढा एकच होता, आणि तो चौथीत होता.

सांदणांचा डबा मात्र ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळेने अम्मीला बोलावलं. तुम्ही स्वतः घरी जाऊन माफी मागितलीत, आता आमचे हात बांधलेत, असं प्रिन्सिपल हळहळून म्हणाल्या. तक्रार मागे घेतली गेली. वडील खूश, शाळा खूश, चाचाही खूश, कारण समेट झाला. फक्त अम्मीचा करार पुढे वाढवला नाही. ज्या वर्गासाठी ती सगळ्यांपुढे वाकली, तो वर्गच गेला. ‘जाऊ नका, आणि माफी तर मुळीच मागू नका’ एवढं एक वाक्य सांगणारा माणूस तिच्या बाजूला नव्हता.

मी तिला विचारलं, पुन्हा एखादं पोर पडताना दिसलं तर?

“धरीन. हात आधी जातो गं, डोकं नंतर.”

तुमचं पोर उद्या अशाच कोणाच्या तरी हाताच्या भरवशावर जिना उतरणार आहे. म्हणून शाळेत सोडायला जाल तेव्हा गेटवरून परत फिरू नका. आत जा आणि विचारा: टीचरवर तक्रार आली तर तिच्या बाजूने बोलणारा वकील कोण, आणि त्याचा खर्च शाळा करणार की नाही? ‘इन्शाल्ला, बघू’ म्हणाले तर माशांच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसा. उत्तर लेखी मिळेपर्यंत उठू नका.