दिवेलागणीनंतरचं विरजण

दिवे लागून गेले होते, तरी सुमनवहिनींनी माझ्या वाटीत चमचाभर दही घातलं. मी बघतच राहिले. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी तिन्हीसांजेनंतर कधी विरजण दिलं नव्हतं. "सकाळी या," म्हणायच्या, आणि विषय संपायचा.

आमच्या दोन घरांतलं दही नेमकं कुणाचं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आमचं संपलं की त्यांच्याकडून, त्यांचं संपलं की आमच्याकडून. चमचाभर जातं आणि परक्या दुधात रात्रभर निवांत आपलं घर करतं.

मागच्या थंडीत वहिनींचे यजमान, भाऊ, अतिदक्षता विभागात होते. मेंदूला असा मार बसला होता की ते शुद्धीवर येणारच नव्हते. श्वासाचं यंत्र काढायचं घरच्यांनी ठरवलं. त्यानंतर हृदय थांबलं की त्यांच्या किडन्या दुसऱ्यांना देता येतील, असं डॉक्टरांनी हलक्या आवाजात सांगितलं. खिडकीबाहेर एकेक दिवा लागत होता.

"सकाळी नाही का देता येणार?" वहिनींनी विचारलं.

"नाही. हृदय थांबल्यावर फार वेळ हातात नसतो."

त्या बराच वेळ भाऊंच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "द्या."

कुणाला दिल्या, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. काही दिवसांनी डॉक्टरांना फोन करून फक्त एवढंच विचारलं, विरजण दिलं की दुसऱ्या दिवशी माझ्या दह्याबद्दल विचारतात तसंच, "लागल्या ना नीट?"