शेवटपर्यंत जागं कोण राहतं

माझ्या बायकोच्या आत्यांइतकी रागीट बाई आख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी नाही, आणि त्यांनी आजवर जितकी माणसं झोपवली तितकी भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही झोपवली नसतील. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा त्यांनी आधी मला उशिरा आल्याबद्दल झापलं, मग मी नेलेल्या मिठाईला झापलं, मग ती मिठाई विकणाऱ्याला त्याच्या गैरहजेरीत झापलं, आणि जेवणं झाल्यावर चष्मा लावून, मांडीवर एक जीर्ण कादंबरी घेऊन म्हणाल्या, "बसा जावईबापू, थोडं वाचते." मला जाग आली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती आणि आत्या समोर बसून माझ्याकडे रोखून बघत होत्या. "हेमलता कुठं उभी होती?" त्यांनी विचारलं. ही हेमलता कोण, हेच मला माहीत नव्हतं. माझी मान खाली गेली. बायकोनं शेजारून हळूच "प्राजक्ताखाली" असं पुटपुटून माझी अब्रू वाचवली, पण तिला तरी त्यापुढचं कुठं ठाऊक होतं.

आत्या मूळच्या सटाण्याकडच्या. सासरी कांद्याची शेती आणि कांद्याचाच व्यापार. यजमान गेल्यावर त्या नाशकात आल्या आणि द्वारका चौकाच्या अलीकडे दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहू लागल्या. खाली दिवसभर ट्रकचे हॉर्न चालू असतात. हॉर्न वाजला की त्या गॅलरीत जाऊन ट्रकवाल्याला त्याच्या संस्कारांबद्दल चार प्रश्न विचारतात. त्याला ऐकू जात नाही, पण त्यानं यांचं काही अडत नाही. हातगाडीवाल्याचा कांदा त्या घेण्याआधी दाबतात, हुंगतात, वरचं साल खरवडतात आणि "हा भिजलेला आहे, तू मला शिकवू नको" म्हणून परत टाकतात. त्या बिचाऱ्यानं शिकवायला तोंडही उघडलेलं नसतं. टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी हसून सांगते म्हणून तिच्यावर राग, डॉक्टरांनी रक्तदाब नॉर्मल आहे असं सांगितलं म्हणून डॉक्टरांवर राग. डॉक्टर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांचं उत्तम आहे हो. आता माझंच बघायला हवं." रागाच्या भरात त्या नाशकातली मराठी सोडून सटाण्याच्या अहिराणीत उतरतात, आणि मी जावई आहे हे लक्षात असल्यानं मला मात्र शिव्याही अहो-जाहो करून घालतात. "लाज वाटू द्या जावईबापू" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कुणी नुसतं जावईबापू म्हटलं तरी मी मान खाली घालतो.

पण पुस्तक उघडलं की ही बाई बदलते. आवाज खाली येतो, मऊ होतो, कोमट दुधासारखा घशातून उतरत जातो. पुस्तकं सगळी जुनी, प्रेमाची. त्यातल्या नायिका गच्चीत चंद्र बघत उभ्या राहतात, नायक बॅरिस्टर व्हायला विलायतेला जातात, आणि दोघांच्या बोलण्यात एक साधं वाक्य सापडेल तर शपथ. त्या भाषेवर आत्यांचा आवाज फिरू लागला की जागं राहणं माणसाच्या हातात उरत नाही. एकदा गॅस सिलिंडर द्यायला आलेला माणूस पाणी पिण्यापुरता टेकला आणि भरलेल्या सिलिंडरला मिठी मारून घोरू लागला. सोसायटीचे चेअरमन एकदा आत्यांच्या आरडाओरड्याची तक्रार सांगायला म्हणून तावातावानं वर आले. आत्यांचं वाचन चालू होतं. "परिच्छेद संपू द्या," त्या म्हणाल्या. परिच्छेद संपेपर्यंत चेअरमन सोफ्यावर आडवे झाले होते, आणि त्यांना न्यायला त्यांच्या मिसेस आल्या त्याही खुर्चीत पेंगल्या.

कुणालाही अशा देणगीचा अभिमान वाटला असता. आत्यांचा मात्र त्यानं तळतळाट होतो. त्यांचं म्हणणं एवढंच की कुणीतरी, एका तरी माणसानं, गोष्ट शेवटपर्यंत जागं राहून ऐकावी. बाकी त्यांना कुणाकडून काही नको. साडी नेली तर रागावतात, आंबे नेले तर रागावतात. "ऐकायला बसा" म्हणतात, आणि आपण बसतो, आणि झोपतो. मग "जपनी का वं?" असा हंबरडा कानाशी येतो. जपनी म्हणजे झोपलीस. त्यानंतर उलटतपासणी, उलटतपासणीत नापास, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानापासून परत सुरुवात. त्यामुळे आमच्या घरात लहानथोरांना त्या कादंबरीचं पहिलं प्रकरण तोंडपाठ आहे आणि शेवट एकालाही माहीत नाही. हेमलता प्राजक्ताखाली उभी राहून प्रभाकरला वचन देते, प्रभाकर बोटीवर चढतो, आणि आम्ही सगळे गार पडतो. आत्यांचे यजमान फार भला माणूस, पण सगळ्यात आधी आणि सगळ्यात गाढ झोपणारे तेच होते, असं माझे सासरे सांगायचे.

मध्यंतरी बायकोची बँकेतून मुंबईला बदली झाली. तिथं तिला झोप येईना, म्हणून तिनं आत्यांचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करून नेलं. तिथवर ठीक होतं. पण तिच्या एका मैत्रिणीला ते इतकं आवडलं की तिनं ते 'शांत झोपेसाठी जुन्या प्रेमकथा' असं नाव देऊन इंटरनेटवर चढवलं. आता कुठं कुठं माणसं आत्यांच्या आवाजावर झोपायला लागली. आत्यांना आधी फार आनंद झाला. इतकी माणसं ऐकतायत म्हणजे त्यातलं एखादं तरी जागं असणार, असा त्यांचा साधा हिशेब. मग मी त्यांना लोकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. "खूप छान, बोटीच्या आधीच झोप लागली." "आत्या, तुमचे आभार, झोपेची गोळी सुटली." "शेवट काय आहे देव जाणे, पण झोप मस्त." आत्यांनी तिथल्या तिथं मला उत्तरं लिहायला लावली. "झोपायचं तर उशी घ्या, पुस्तक कशाला?" "आईबापांनी गोष्ट ऐकायला शिकवलं नाही का?" लोकांना ती उत्तरं भारी गोड वाटली. त्यांनी खाली बदामाची चित्रं टाकली. त्या दिवशी मलाही राग आला, खोटं का सांगू. एक म्हातारी बाई जीव तोडून काही सांगतेय आणि जग तिला बदाम पाठवून कूस बदलतंय, याला काय म्हणायचं?

यावर कडी म्हणजे त्या मैत्रिणीनं पुढं वाचनाचा उत्तरार्ध कापूनच टाकला आणि मागं बासरी लावली. बायकोनं फोन करून खडसावलं तर म्हणाली, शेवटी कुणी जागं नसतंच, उगाच फाईल मोठी होते. ही बातमी आत्यांना सांगायची कामगिरी माझ्याकडे आली, कारण नाशकात मीच होतो. रविवारी जेवणाच्या वेळी गेलो. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, वरण वाढलं आणि मग सुरू झाल्या. "बासरी कुणी मागितली होती? आणि तुम्ही काय करत होता जावईबापू? तुम्हीही घोरतच असणार. तुमचे वडील माझ्या भाचीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना झोपले होते, मी बघितलंय. तुमच्या घराण्यातच झोप आहे. तुम्हा लोकांना कुणी मरताना शेवटचं काही सांगायला लागलं तरी तुम्ही डुलक्या घ्याल."

माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि लग्न भर उन्हाळ्यातलं होतं. मला इतका संताप आला की हातातला घास तसाच राहिला. वरणभात गिळला, हात धुतले आणि म्हटलं, "वाचा आत्या. आज बघूच." सोफ्यावर न बसता जेवणाच्या टेबलाची ताठ पाठीची खुर्ची ओढली. आत्यांनी माझ्याकडे तुच्छतेनं बघितलं आणि पुस्तक उघडलं. प्राजक्त आला, वचन आलं, बोट सुटली. माझे डोळे जड झाले की मी मंगलाष्टकं आठवायचो, आणि राग पुन्हा ताजा व्हायचा. खाली ट्रक ओरडत होते आणि आत्यांचा आवाज त्यावरून साय धरल्यासारखा पसरत होता. मी जागा राहिलो. विलायतेची पत्रं यायची थांबली, हेमलताचं लग्न दुसरीकडे ठरलं, तिनं बंगल्यातल्या आरशासमोर उभं राहून दागिने घातले. हे सगळं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो आणि, आता कबूल करायला हरकत नाही, मला पुढचं ऐकायचं होतं.

मग प्रभाकर परत आला. पण तो बोटीनं मुंबईला न येता एसटीनं सटाण्याला उतरला. मी सावरून बसलो. त्याच्या हातात पत्र्याची पेटी होती आणि तो आता बॅरिस्टर नव्हता, शाळेत मास्तर होता. भर दुपारी तो शेतातल्या, कांदा साठवायच्या चाळीशी येऊन लिंबाखाली उभा राहिला. हेमलता चाळीच्या दारात सडका कांदा निवडत होती. तिचा नवरा आत गोण्यांवर झोपला होता, गाढ. तिनं प्रभाकरला तांब्याभर पाणी दिलं. तो ते प्यायला आणि एकच शब्द बोलला, "येतेस?" पुण्याच्या बंगल्यात वाढलेली, चंद्राशी संस्कृतात बोलणारी हेमलता त्यावर म्हणाली, "आते नई. चाळमा कांदा शे, घरमा सासू शे." आता नाही, चाळीत कांदा आहे, घरात सासू आहे. त्यानं तांब्या परत दिला आणि तो बांधावरून निघून गेला. तिनं नवऱ्याला उठवलं नाही. संध्याकाळपर्यंत ती कांदा निवडत राहिली.

मी आत्यांच्या हाताकडे बघितलं. पुस्तकाची पानं केव्हाच संपली होती. उरलेल्या पुठ्ठ्यावरून त्या अंगठा फिरवत होत्या आणि डोळे मिटलेले होते. त्यांनी ते उघडले, तेव्हा मी जागा दिसलो. आत्या इतक्या दचकल्या की त्यांच्या हातून पुस्तक खाली पडलं.

"शेवटची पानं कुठं आहेत?" मी विचारलं.

"सासूबाईंनी बंब पेटवायला घेतली," त्या म्हणाल्या. "सगळ्याच पुस्तकांची घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं. पण माणूस मायाळू. सुनेचं वाचन मोडू नये म्हणून पुढची पानं सोडून नेहमी मागची फाडायच्या. मला म्हणायच्या, तू अजून पुढंच आहेस ना, मग मागचं तुला काय लागतंय." मग पुस्तक उचलून त्यांनी पदरानं पुसलं. त्यांना रागवायचं होतं, हे मला दिसत होतं, पण राग सापडत नव्हता. खाली एका ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला, तरी त्या उठल्या नाहीत.

"बरोबर केलं का हो तिनं?" त्यांनी विचारलं.

कुठल्याही विषयावर माझं मत तयार असतं, त्यावरून बायको मला टोकते. त्या दुपारी मी आधी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "बरोबर की चूक, मला नाही सांगता येणार आत्या," मी म्हटलं. "पण तिनं ते मनात ठेवायला नको होतं. कुणाला तरी सांगायचं."

"सांगत होती ना," आत्या म्हणाल्या. "रोज दुपारी सांगत होती. सगळे झोपलेले असायचे."

मग त्या चहा टाकायला आत गेल्या. चहात साखर नव्हती, आणि आम्ही दोघं तो तसाच प्यायलो. बायकोला मी फोनवर एवढंच सांगितलं की शेवट ऐकला, चांगला आहे. तिनं काय आहे ते विचारलं, तर मी म्हटलं, येशील तेव्हा तूच ऐक, जागी राहून.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आत्यांचं वाचन अजून चालू आहे, माणसं अजून झोपतात, पण उलटतपासणी बंद झाली आहे. हातगाडीवाल्याचा कांदा त्या न दाबता घेतात. परवा मी चांगला तासभर उशिरा गेलो, वर दुकानातली शिळी मिठाई नेली, तर "या जावईबापू, दमला असाल" म्हणून त्यांनी पंखा लावला आणि चादर काढून दिली. मला त्या शांतपणाचा फार राग येतो. पडून त्यांचं वाचन ऐकताना हल्ली मला झोप लागत नाही, आणि मी डोळे मिटून नुसता पडून राहतो.