मडगार्डवरचा हात

गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला सगळे वैद्य म्हणायचे. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं. गाडी आली की हा गृहस्थ बॉनेट उघडायचा नाही की गाडीवाल्याला काही विचारायचा नाही. इंजिन चालू ठेवायला लावायचा, पुढच्या मडगार्डवर उजवा तळवा टेकवायचा, डोळे मिटायचा आणि जरा वेळाने सांगायचा, "तिसरा प्लग गेलाय." उघडून बघावं तर तिसराच गेलेला असायचा.

लोकांना तो चमत्कार वाटायचा. चमत्कार कसला डोंबलाचा! भिंतीपलीकडे पत्रे कापायचा कारखाना होता. तिथलं मशीन सकाळी आठला सुरू व्हायचं ते संध्याकाळी सहापर्यंत थांबायचं नाही. त्या खणखणाटात बाकीच्या मिस्त्र्यांसारखं कान देऊन इंजिन ऐकायची सोयच नव्हती, म्हणून बिचारा हात शिकला. गिऱ्हाइकाशी बोलणंही निम्मं खुणांनी चालायचं आणि निम्मं कानाशी ओरडून. चाळीस वर्षं त्याने अशीच काढली आणि त्या हाताच्या जिवावर भाव खाऊन घेतला, तो भाग वेगळा.

आता त्या हातालाच मुंग्या यायला लागल्या होत्या. आधी बोटांच्या टोकांना, मग तळव्याला, मग दिवसभर. डॉक्टरांनी बोटांना सुया टोचून बघितल्या आणि सांगितलं, "नसा गेल्यात. गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा." वैद्याने ते कागद हवा भरायच्या टाकीमागे कोंबले आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. सकाळी शर्टाची बटणं बायकोकडून लावून घेताना तो म्हणायचा, "लग्नात राहिलेले लाड आता करून घेतोय." ती हसायची आणि लावून द्यायची. एकदा तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकला तर चटका कळलाच नाही, कातड्याचा वास आला तेव्हा कळलं. बायकोला सांगितलं, गरम पाणी सांडलं.

हात गेला तर वैद्य कसला, नुसता पान्याने बोल्ट आवळणारा म्हातारा उरणार, या भीतीने त्याला आतून पोखरलं होतं. वर्षभर तो अंदाजावर रेटत होता. मडगार्डवर हात ठेवायचा, डोळेही मिटायचा, पण खरं ते गाडीवाल्याच्या तक्रारीवरून आणि धुराच्या रंगावरून ओळखायचा. झाकली मूठ होती, आणि ती झाकलेलीच राहावी एवढंच त्याला हवं होतं.

अशात त्याची ताई गाडी घेऊन आली. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त झालेली, आणि अजूनही कुणाशीही बोलताना समोर वर्ग बसल्यासारखी बोलणारी. गाडी दाजींची होती, बावीस वर्षं जुनी. दाजींच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागायचं.

"सिग्नलला उभी राहिली की अख्खी गाडी थरथरते," ताई त्याच्या कानाशी ओरडली. "आरशात काही दिसत नाही. गिअर टाकला की धाडकन आवाज होतो आणि हे मागच्या सीटवर दात आवळून बसतात. परवा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं रे."

"आधीच आणायची की मग! इतके दिवस काय मुहूर्त शोधत होतीस?"

दुखणं ओळखायला या वेळी हाताची गरजच नव्हती. बॉनेट उघडून त्याने ताईला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि खूण केली, पहिला गिअर टाक, क्लच थोडा सोड. इंजिन एका बाजूने चांगलं दोन बोटं उचललं गेलं. रिव्हर्स टाकल्यावर तेच दाणकन खाली आदळलं. इंजिन ज्या तीन रबरी बैठकींवर बसलेलं असतं त्यांना मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात. गाडीखाली शिरून त्याने पहारीने एकेक ढकलून बघितलं. उजव्या बाजूचं रबर लोखंडापासून पार सुटलं होतं, मागचं गळणारं ऑइल पिऊन फुगलं होतं. तिसरं बरं दिसत होतं.

"तिन्ही बदलू," तो म्हणाला. "दोन नवे घातले की सगळा भार त्या म्हाताऱ्यावर येतो आणि तो महिन्यात मान टाकतो."

सुट्या भागांच्या दुकानातून त्याने तीन नवे फाउंडेशन आणले. ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन जेमतेम तोललं आणि जुने बोल्ट काढले. इथवर सगळं ठीक होतं. पण नवे बोल्ट चढवताना आटे बोटांना लागेनात. ताई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. तिच्यासमोर एकच बोल्ट तीनदा खाली पडला, आणि दोनदा तर तो पडला हे त्याला कळलंसुद्धा नाही. रिकामी बोटं तशीच फिरत राहिली. मग त्याने बॅटरीच्या उजेडात, बघून बघून बोल्ट बसवले. सगळे सैल ठेवले, इंजिन चालू करून जागेवर बसू दिलं आणि मग आवळले. काम चोख होतं, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

शेवटी त्याने सवयीने मडगार्डवर हात ठेवला. थरथर तशीच होती.

ताई खिडकीतून वाकून ओरडली, "मस्त झालीये! आरसा बघ, जागचा हलत नाही!"

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो खेकसला. "तू शाळेत शिकवायचीस."

त्याने गाडी ठेवून घेतली आणि तडक दुकानदाराला गाठलं. दुकानदार त्याचा वीस वर्षांचा दोस्त, दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. वैद्याने गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं, "बोगस माल देतोस. माझ्या बहिणीच्या गाडीतसुद्धा!" दुकानदाराने दुसरे तीन फाउंडेशन काढून दिले. मग म्हणाला, "हे ने. आणि उद्यापासून डबा तुझा तू खा."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं. हाताखाली तीच थरथर. आता त्याचा संशय खालच्या सांगाड्यावर गेला, मग गिअरबॉक्सवर. खरा संशय कुणावर घ्यायचा हे मनात कुठेतरी त्याला पक्कं ठाऊक होतं, पण तिकडे तो फिरकत नव्हता. त्या दिवशी ताईने दाजींना भाड्याच्या गाडीतून नेलं. येताना दाजी बसू शकले नाहीत, आडवे पडून आले. रात्री फोनवर तिने एवढंच सांगितलं आणि त्याला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती येऊन थेट गाडीत बसली. "आज मी गाडी घेऊन जाणार आहे. तुला काय बघायचं ते बघून घे."

तिने इंजिन चालू केलं. पलीकडे पत्र्यांचं मशीन नेहमीसारखं किंचाळत होतं. वैद्याने मडगार्डवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. डाव्या हाताने खूण केली, रेस वाढव. तळव्याखाली थरथर होती. पुन्हा खूण केली, कमी कर. थरथर होतीच. त्याने हात जरा पुढे सरकवला, दाबून धरला, श्वास रोखला. कुठून येतेय ती? उजवीकडून की खालून? बराच वेळ तो तसाच उभा राहिला. एरवी दोन मिनिटांत नाव सांगणाऱ्या त्या हाताची आपण विनवणी करतोय, हे जाणवून त्याची त्यालाच लाज वाटली.

"अजून हादरतेय!" डोळे न उघडताच तो ओरडला. "सांगत होतो ना मी! हादरतेय अजून!"

कुणीतरी त्याचं मनगट धरलं. त्याने डोळे उघडले. ताई त्याच्या समोर उभी होती, आणि तिच्या हातात गाडीची किल्ली होती.

तो किल्लीकडे बघत राहिला. मग गाडीकडे बघितलं. दार उघडं होतं, सीट रिकामी होती, बॉनेटखाली पट्टा आणि पंखा दोन्ही स्तब्ध होते. ताईने तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"तू डोळे मिटलेस तेव्हाच बंद केली मी."

चाळीस वर्षं पोरांच्या थापा पकडलेली बाई ती. बोल्ट तीनदा पडताना तिने बघितला होता. त्याला तिचा राग यायला हवा होता, पण आली ती भीती. गॅरेज, पाने, भिंतीशी ठेवलेला जॅक, सगळं आता कुणा दुसऱ्याच्या मालकीचं असल्यासारखं त्याला दिसायला लागलं.

"त्या मशीनचा हादरा येतो इथपर्यंत," तो म्हणाला.

ताईने आपला हात मडगार्डवर ठेवला, थोडा वेळ ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. मग तिने त्याचा हात उलटा करून तळव्यावरचा भाजल्याचा डाग बघितला, आणि तिचे डोळे भरून आले.

"घरी सांगितलंयस?"

त्याने हात मागे ओढला, तिने सोडला नाही.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल," तो म्हणाला. ताईला ते ऐकू गेलं नसावं, पण ओठांवरून कळलं. तिने त्याचा हात सोडला. वैद्याने तो कपड्यावर पुसला आणि पुन्हा एकदा बंद गाडीच्या मडगार्डवर ठेवून बघितला.